अमूर्त चित्रकलेची सुरुवात शाळेच्या पटांगणात कशी करावी?

यवतमाळ जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: तिसरी ते पाचवीच्या मुलांना चित्र काढायला सांगितले की दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि नारळाचे झाड एवढेच निघते, त्यांना अमूर्त चित्रकलेची, म्हणजे ओळखीची वस्तू न काढता केवळ रेषा, रंग आणि आकार यांतून घडणाऱ्या चित्रांची ओळख खेळातून आणि हालचालीतून करून देता येईल का, रंगसाहित्याचा खर्च न झेपणाऱ्या शाळेने काय करावे, पालकांनी ‘ह्या रेघोट्या काहाच्या?’ असे विचारले तर काय सांगावे, आणि मुलांना अजून साधा तांब्या नीट काढता येत नसताना अमूर्ताकडे नेणे योग्य आहे का. विदर्भातील गावशाळांमध्ये चित्रकलेच्या कार्यशाळा मी बरीच वर्षे घेत आलो आहे. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

ओळख करून देता येते, आणि याच वयात ती सर्वांत सहज होते. मात्र मुलांना मोकळे सोडायचे, रंग उधळू द्यायचे आणि जे काही झाले त्याला अमूर्त चित्र म्हणून टाळ्या वाजवायच्या, हा उन्हाळी शिबिरांमधून रुळलेला प्रकार मला मान्य नाही. धावण्यातून, उड्यांतून, हात फिरवण्यातून कागदावर जे उमटते तो कच्चा माल होय. त्यातले काय ठेवायचे, काय झाकायचे, कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग येऊ द्यायचा आणि कुठे थांबायचे, हे मूल स्वतः ठरवू लागते तेव्हा त्याच्या हातून चित्र घडू लागते. म्हणून पुढे सांगितलेल्या प्रत्येक खेळाला दोन भाग आहेत, एक धावण्याचा आणि एक बसून पाहण्याचा, आणि दुसरा भाग वेळेअभावी गाळायचा असेल तर पहिलाही घेऊ नये असे माझे मत आहे.

डोंगर-सूर्य-झोपडीचे चित्र मुलांच्या हातात कुठून येते, याचा आधी विचार करावा. ज्या शिवारात नारळाचे एकही झाड नाही तिथली मुलेही नारळच काढतात, म्हणजे ते चित्र पाहून काढलेले नसून पाठ केलेले असते. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांच्या वाढीचे जे टप्पे मांडले, त्यानुसार साधारण नऊ वर्षांच्या आसपास मूल आपले चित्र दिसणाऱ्या वस्तूशी ताडून पाहू लागते आणि ते तसे नाही म्हणून ओशाळते. पाठ केलेले चित्र त्याला या ओशाळलेपणातून वाचवते. त्यामुळे ‘डोंगर काढू नका’ असे सांगून उपयोग होत नाही, कारण आपण त्याचा आधार काढून घेतो आणि बदल्यात काहीच देत नाही.

दुसरे कारण अगदी शारीरिक आहे. बाकावर किंवा मांडीवर ठेवलेल्या वहीच्या पानावर फक्त मनगट आणि बोटे चालतात. खांद्यापासून निघणारी लांब, कमानदार रेषा तिथे मावतच नाही. शिवाय समोर धरलेल्या कागदाला वरची आणि खालची बाजू असते, आणि वर-खाली आले की आकाश आणि जमीन आपोआप येतात. मोठा कागद जमिनीवर अंथरून त्याच्या चारही बाजूंना मुले बसवली की एकाची वरची बाजू ती दुसऱ्याची खालची होते. मग सूर्य कुठे काढायचा हा प्रश्नच उरत नाही. वर्गात बाकी काही बदलता आले नाही तरी एवढा एक बदल जरूर करावा. अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक यांनीही १९४७ च्या सुमारास कॅनव्हास जमिनीवर अंथरून त्याच्या भोवती फिरत, वरून रंग ठिबकवत चित्रे केली, त्यामागे चारही बाजूंनी चित्रात शिरता येणे हे एक मोठे कारण होते.

पहिला खेळ कागदाशिवाय घ्यावा. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला दाभणाने दोन-तीन छिद्रे पाडून तीत पाणी भरावे आणि झाडलेल्या, कोरड्या पटांगणात एकेका मुलाला ती उलटी धरून आधी सावकाश चालायला, मग धावायला, मग लंगडी घालायला सांगावे. सावकाश चालणाऱ्याची रेषा सलग आणि जाड येते, धावणाऱ्याचे थेंब लांब लांब पडतात, लंगडी घालणाऱ्याच्या रेषेत प्रत्येक उडीला एक डबके साचते. ही रेषा कोणी काढली आणि तो कसा चालला असेल, हे बाकीच्या मुलांनी पाठ फिरवून उभे राहून नंतर ओळखायचे. वेगाला, वजनाला आणि थांबण्याला स्वतःचे रूप असते, हे मुलांना इथे कोणत्याही व्याख्येशिवाय कळते, आणि रेषा थोड्या वेळात वाळून जात असल्यामुळे चुकण्याची भीती राहत नाही. पाण्याची टंचाई असलेल्या गावात हाच खेळ फडक्यात बांधलेल्या चुलीच्या राखेने होतो. फक्त राख पूर्ण थंड आणि चाळलेली असावी आणि वारा असेल त्या दिवशी खेळ घेऊ नये.

यानंतर एखादा ओळखीचा खेळ घ्यावा. आट्यापाट्या आपल्याकडे अजून खेळल्या जातात, आणि त्यांचे मैदान म्हणजे मुळात जमिनीवर आखलेली आडव्या पाट्यांची आणि त्यांना छेदणाऱ्या सुराची (मधल्या उभ्या पाटीची) एक रचनाच असते. खेळ चालू असताना चार-पाच मुले ओट्यावर मोठा कागद आणि कोळसा घेऊन बसवावीत. प्रत्येकाने एकच खेळाडू निवडायचा, डोळे त्याच्यावरच ठेवायचे, कागदाकडे पाहायचे नाही आणि हात त्याच्याबरोबर चालवायचा. डाव संपला की जागा बदलायच्या. कागदावर माणूस कुठेच नसतो, पण हुलकावणी कुठे दिली, कुठे तो अडकून मागेपुढे होत राहिला आणि कुठून सुटला, हे रेषेच्या गुंत्यात आणि लांब धावेत दिसते, आणि मुले ते एकमेकांना बोटाने दाखवतात. अमूर्त चित्रकार वासिली कांडिन्स्की यांनी १९२६ साली ग्रेट पालुका या नर्तकीच्या छायाचित्रांवरून अशीच रेखाटने केली होती. तिची उडी, तिचा तोल त्यांनी मोजक्या वक्र आणि सरळ रेषांवर आणून ठेवला. मुलांना हे सांगण्याची गरज नाही, पण शिक्षकाला ठाऊक असले की आपण पोरखेळ घेत नाही आहोत याची खात्री राहते.

माझ्या मते गावातील मुलांसाठी सर्वांत समृद्ध साठा शेतीकामाच्या हालचालींचा आहे, आणि इथे शहरातील मुलांपेक्षा त्यांच्याजवळ कितीतरी अधिक भांडवल असते. पेरणीच्या वेळी सरत्यावर (बी सोडण्याच्या नळीवर) धरलेली मूठ, डवरणीत म्हणजे पिकाच्या ओळींमधून डवरा चालवताना तासाच्या (ओळीच्या) टोकाला पोहोचून वळणारे शरीर, निंदताना बसल्या बसल्या पुढे सरकणे, सुपाने पाखडताना मनगटाचा झटका, वेचणीत दोन्ही हातांनी आळीपाळीने बोंडातून कापूस काढून कमरेच्या ओट्यात टाकणे, सकाळी अंगणात टाकलेला सडा: या प्रत्येक कामाची मुलाला अंगात मुरलेली ओळख असते. आधी रिकाम्या हातांनी ते काम करून दाखवायला सांगावे, बाकीच्यांनी ओळखावे. मग तीच हालचाल हातात रंगात बुडवलेली चिंधी किंवा फड्याचा (झाडूचा) तुकडा घेऊन कागदावर करावी, आणि अट एकच असावी की बैल, सूप, झाड असे काहीही काढायचे नाही. वेचणीतून कागदभर छोटे, दुहेरी, विखुरलेले ठसे येतात. डवरणीतून लांब समांतर पट्टे आणि कडेला वळणे येतात. पाखडण्यातून एका बाजूला दाट आणि दुसरीकडे विरळ होत जाणारा फवारा येतो. तीन कागद शेजारी ठेवून कोणता कशाचा हे विचारले तर दुसरीतील मुलेही सहसा बरोबर ओळखतात, आणि कशावरून ओळखले हे सांगताना ‘हे घाईघाईनं केलं, हे एका लाइनीत गेलं, हे पसरलं’ असे बोलतात. चित्राविषयीची त्यांची भाषा इथून सुरू होते.

या खेळाबाबत एक सावधगिरी बाळगावी. दिवाळीनंतरच्या वेचणीच्या दिवसांत काही मुले खरोखरच शाळा बुडवून शेतात जातात. त्यांच्यासाठी ती गंमत नसते, आणि वर्गात परतल्यावर त्यांच्याकडून तेच काम हौसेने करवून घेणे बरे दिसत नाही. अशा आठवड्यात सडा, पाखडणे किंवा तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल ओढत नेणे अशा हालचाली निवडाव्यात.

आवाजावर रेषा काढण्याचा खेळही चांगला आहे, पण त्यात मी फार वेळ घालवत नाही. गावात डफडे किंवा मृदंग वाजवणारे कोणी असतील तर त्यांना बोलवावे, संथ ठेक्यावर आणि मग चढत्या ठेक्यावर दोन्ही हातांत कोळसा धरून एकाच वेळी ठोके आणि रेषा उमटवू द्याव्यात. जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत १९१९ पासून योहान्नेस इटन वर्गाची सुरुवात श्वासाच्या आणि शरीराच्या व्यायामांनी करीत आणि विद्यार्थ्यांना दोन्ही हातांनी रेखाटायला लावीत. मोबाइलवर गाणी लावू नयेत. गाण्यात शब्द असले की मुले शब्दांचे चित्र काढू लागतात आणि पाऊस, मोर, गाडी परत कागदावर येतात.

आता खेळाच्या दुसऱ्या, म्हणजे बसून पाहण्याच्या भागाकडे येतो. १९२४ साली जपानमध्ये चित्रकार काझुओ शिरागा जन्मले आणि त्याच वर्षी आपल्या नागपुरात चित्रकार वासुदेव गायतोंडे. शिरागा गुताई या जपानी कलावंतांच्या गटात होते. दोराला लोंबकळून ते कॅनव्हासवरचा रंग पायांनी फिरवीत, आणि त्यांच्या चित्रात शरीराची सगळी झटापट दिसते. गायतोंडे यांनी रोलर आणि पॅलेट नाइफने (रंगाच्या पातळ सुरीने) रंगाचे थर दिले आणि काढले, चित्रापेक्षा त्याच्या विचारात अधिक काळ घालवला आणि मोजकीच चित्रे केली. आपल्या कामाला ते अमूर्त म्हणण्यापेक्षा वस्तुनिरपेक्ष म्हणणे पसंत करीत. दोघांच्याही चित्रात ओळखता येईल अशी वस्तू नाही, पण एकाचे काम हालचालीतून आणि दुसऱ्याचे थांबण्यातून झाले आहे. मुलांना शिरागांचा भाग आपोआप येतो. गायतोंडे यांचा भाग शिकवावा लागतो, आणि आपल्यासारख्यांची खरी गरज तिथे आहे.

तो शिकवण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे खिडकी. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यात तळहाताएवढी चौकोनी खिडकी कापून प्रत्येक मुलाला द्यावी. वाळलेल्या मोठ्या कागदावर ती सरकवत न्यायची आणि जिथे डोळा अडकेल तिथे थांबायचे. घाई करू नये, निदान तीन जागा पाहून मग एक निवडावी. निवडलेला तुकडा पेन्सिलीने आखून कापायचा, चारही बाजूंनी फिरवून पाहायचा आणि कोणती बाजू वर ठेवायची ते ठरवायचे. यानंतर त्यात फक्त एकच गोष्ट करण्याची मुभा द्यावी: एखादा भाग पांढऱ्या मातीने झाकणे, किंवा एकच नवीन रंग एकाच ठिकाणी लावणे. ही मर्यादा कडक वाटते, पण तिच्यामुळेच मूल विचार करते. ‘हवे ते करा’ म्हटले की सगळा कागद भरून तपकिरी होतो, कारण गेरू, हळद आणि नीळ एकमेकांत कालवली की दुसरे काही होतच नाही.

निवडीच्या आधी थोडा वेळ शांत बसवणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी चित्रकार सय्यद हैदर रझा यांच्या लहानपणची हकीकत मुलांना जरूर सांगावी. मंडला जिल्ह्यातील प्राथमिक शाळेत शिकताना त्यांचे चित्त ठिकाणावर राहत नसे, म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक बिंदू काढला आणि त्याच्याकडे पाहत बसायला सांगितले. पुढे रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मुंबईहून फ्रान्सला गेले, आणि उत्तरायुष्यात तोच बिंदू त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला. आपणही फळ्यावर खडूचा एक ठिपका काढावा, धावून आलेल्या मुलांचा श्वास खाली बसेपर्यंत त्यांना त्याच्याकडे पाहू द्यावे आणि मगच खिडक्या वाटाव्यात.

चित्राविषयी बोलताना ‘हे कशाचे आहे?’ हा प्रश्न शिक्षकाने स्वतः कधीही विचारू नये. मूल प्रामाणिक असते. विचारले की ते त्या ठिपक्यांना गाय किंवा ढग ठरवून टाकते आणि पुढच्या वेळी गाय काढते. त्याऐवजी तुझी नजर आधी कुठे गेली, सर्वांत जड कोपरा कोणता, ही रेषा काढली तर काय बिघडेल, हा कागद उलटा धरला तर पडल्यासारखा वाटतो का, असे विचारावे. ‘छान’ एवढेच म्हणून पुढे जाणेही टाळावे. मुलाने आपणहून ‘हा पूर आहे’ असे सांगितले तर ते मान्य करावे आणि पुराचा जोर कुठे आहे ते विचारावे.

साहित्याचा खर्च जवळजवळ नाही. गेरू आणि पांढरी माती दुकानात स्वस्त मिळते, काळी माती पायाखालीच आहे, आणि तुराट्या झाकण असलेल्या डब्यात हवा न लागू देता भाजल्या की चांगले कोळसे होतात; हे काम शिक्षकाने करावे. फाल्गुनात पळसाची फुले उकळून केशरी-पिवळे पाणी मिळते. हळदीत चुना मिसळला की लाल रंग येतो, पण चुन्याने कातडी आणि डोळे भाजतात, म्हणून तो मुलांच्या हाती देऊ नये, आणि हळदीचा रंग उन्हात उडतो हेही लक्षात ठेवावे. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून, गाळून रंगात मिसळावा. वाळलेल्या रंगावर बोट फिरवल्यावर तो हाताला आला तर डिंक कमी पडला आणि चकाकून तडकला तर जास्त झाला असे समजावे. काळी माती मात्र पातळच लावावी, कारण शेतात उन्हाळ्यात तिला जशा भेगा पडतात तशाच त्या कागदावरही पडतात आणि जाड थर सुटून येतो. जुनी वर्तमानपत्रे मैद्याच्या खळीने दुहेरी चिकटवली की मोठा, टिकाऊ कागद तयार होतो. निवडणुकीनंतर गावात पडून राहणाऱ्या फ्लेक्सची मागची बाजूही चालते, मात्र तिच्यावर रंग धरण्यासाठी डिंक वाढवावा लागतो. होळीचे दुकानी रंग वापरू नयेत. कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा डबा, बाटली, पिशवी कितीही धुतलेली असली तरी रंगाच्या किंवा पाण्याच्या कामी आणू नये. आपल्या भागात हे वेगळे समजावून सांगण्याची वेळ येऊ नये, पण येते.

एका शनिवारी एकच खेळ घ्यावा. दिवाळी ते संक्रांत हा काळ सर्वांत सोयीचा. पावसाळ्यात कागद वाळत नाहीत आणि चैत्र-वैशाखात सकाळच्या शाळेतही नऊ-साडेनवानंतर पटांगणात थांबणे शक्य नसते. ज्याला धावता येत नाही त्या मुलाला फक्त प्रेक्षक करू नये. ओट्यावर बसून खेळाडूचा माग काढणारा हात त्याचा असू शकतो, आणि ते काम दुय्यम नाही. सहावी-सातवीच्या मुलींना सर्वांसमोर हालचाल करून दाखवायला संकोच वाटतो, तेव्हा त्यांना भिंतीवर लावलेल्या कागदाकडे तोंड करून, ठरावीक ठेक्यावर, सगळ्यांनी एकाच वेळी काम करू द्यावे.

पालकांच्या प्रश्नाला भाषणाने उत्तर देऊ नये. गोधडी दाखवावी. आजीने जुन्या लुगड्यांचे आणि सदऱ्यांचे तुकडे जोडताना लालाशेजारी पिवळा का लावला, कड काळी का केली, हे तिला विचारले तर ती कारण सांगते, पण गोधडी कशाचे चित्र आहे असे तिला कोणी कधी विचारत नाही. पालकसभेच्या दिवशी भिंतीवर मुलांच्या चित्रांच्या मधोमध दोन-तीन गोधड्या टांगाव्यात आणि प्रत्येक चित्राखाली ते कोणत्या हालचालीतून आले ते एका ओळीत लिहावे. जमल्यास पालकांनाच बाटली घेऊन पटांगणात चालायला लावावे. वडील मंडळी आधी हसतात, मग दुसऱ्याची रेषा ओळखण्याच्या पैजेवर येतात. प्रसिद्ध चित्रकारांची चित्रे मोबाइलवर दाखवायची असतील तर ती सर्वांत शेवटी, आणि आकार समजावूनच दाखवावीत. गायतोंडे यांची अनेक मोठी तैलचित्रे पुरुषभर उंचीची आहेत, तेवढा चौकोन खडूने भिंतीवर आखून त्याच्यासमोर मुलांना उभे करावे. सुरुवातीलाच ती दाखवली तर मुले डोंगराऐवजी गायतोंडे पाठ करतील.

शेवटचा प्रश्न तांब्याचा. आधी हुबेहूब काढता यावे आणि मग अमूर्त, हा क्रम मोठ्या कलावंतांच्या चरित्रांवरून घेतलेला आहे, मुलांच्या वाढीवरून नव्हे. तरीही तो आग्रह धरणारे अर्धे बरोबर आहेत, कारण पाहण्याची सवय दोन्हींना लागते. शांतिनिकेतनात शिकलेले कलाशिक्षक देवीप्रसाद १९४४ पासून १९६२ पर्यंत सेवाग्रामच्या नई तालीममध्ये (गांधीजींच्या शिक्षणविचारावर चालणाऱ्या शाळेत) मुलांबरोबर चित्रकलेचे काम करीत होते. कलेला शिक्षणाच्या पायाशी ठेवण्याचा विचार त्यांनी मांडला तो आपल्याच वर्धा जिल्ह्यातील या कामातून. त्या वळणाने जायचे तर दोन्ही कामे आळीपाळीने चालवावीत. ज्या शनिवारी वेचणीच्या हालचालीचा खेळ झाला, त्याच्या पुढच्या शनिवारी प्रत्येकाच्या समोर कापसाचे एक फुटलेले बोंड ठेवावे आणि ते पाहून काढायला सांगावे, पण कागद मोठाच द्यावा आणि जमिनीवरच अंथरावा. ज्या मुलांना पुढे चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा द्यायच्या आहेत त्यांना वस्तुचित्रासाठी हा सराव लागणारच आहे, आणि संकल्पचित्राच्या (डिझाइनच्या) वेळी जागा कशी भरावी व कुठे मोकळी सोडावी हा खिडकीचा सरावही त्यांच्या हाती असेल. दोन्ही प्रकारच्या कागदांच्या मागे नाव, तारीख आणि खेळाचे नाव लिहून ते एकाच गठ्ठ्यात ठेवावेत, म्हणजे वर्षअखेरीस नोंदी करताना प्रत्येक मुलाची रेषा कुठे बदलली ते आपल्याला क्रमाने पाहता येईल.